एक ब्रास माती आणि तातू मेस्त्री

माझी पिकअप रिकामी बाराशे किलोची, आणि तिने ओढावी म्हणून मी जी डंपिंग ट्रॉली विकत घेतली ती रिकामीच सोळाशे किलोची निघाली. हे मला ट्रॉली अंगणात आल्यावर कळलं. ती घाटावरून ओढून आणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने जाता जाता विचारलं, "मास्तर, ट्रॅक्टर कधी घेणार?" मी म्हटलं, "ट्रॅक्टर कशाला? पिकअप आहे ना." तो खाली उतरला, देवळाला घालतात तशी पिकअपला एक प्रदक्षिणा घातली आणि निघून गेला.

मी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. हे सांगायची खरं म्हणजे गरज नव्हती, पण आमच्या आचरा गावातलं कोणी ना कोणी ते सांगेलच, तर मीच सांगतो.

गणित असं होतं. गावाबाहेर आमचा कातळ आहे. नुसता जांभा, वर पापुद्र्याएवढी माती. तिथे हापूसची बाग करायची हे माझ्या बायकोचं, शालनचं, खूळ. एकदा तिने कलमं आणून ठेवली होती, पण मी माती वेळेवर पोचवली नाही आणि ती पिशव्यांतच मेली. पुढे दोन वर्षं तिने तो विषय काढला नाही. आमच्या घरात विषय न काढणं ही सगळ्यात वरची शिक्षा आहे. तिसऱ्या वर्षी तिने पुन्हा चाळीस कलमं आणली, परसात जाळीखाली रांगेत मांडली आणि मला एवढंच म्हणाली, "पावसाच्या आदी खड्डे भरूक व्हये. नायतर ह्या मी परत करूचंय नाय."

खड्डे चाळीस. एकेक पंधरा घनफूट. एकूण सहाशे घनफूट. आमच्याकडे माती, वाळू, खडी सगळं ब्रासवर चालतं आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे सहा ब्रास माती. एक ब्रासची ट्रॉली घ्यायची, सहा फेऱ्या मारायच्या, दांडा दाबला की माती आपोआप खड्ड्याशी ओतली जाणार. उत्तर बरोबर होतं. मी ते शालनला वहीत मांडून दाखवलंही. फक्त एक ब्रास ओली माती चार टनांच्या घरात भरते, ही गोष्ट त्यात कुठेच आली नव्हती. कारण आमच्याकडे ब्रास मोजतात, ब्रासचं वजन कोणी करत नाही. आणि माझी पिकअप सातशे किलोला कण्हते.

ही ट्रॉली पिकअपला जोडायचा हूक करून घ्यायला म्हणून मी तातू मेस्त्रीकडे गेलो.

तातू मेस्त्री आता नाही. गेल्या दिवाळीआधी बांद्याला लेकीकडे असताना गेला. पण त्या उन्हाळ्यात त्याने मला जेवढं रडवलं तेवढं नोकरीत एकाही हेडमास्तराने रडवलं नसेल, आणि अजून पिकअपची चावी हातात घेतली की आधी तोच आठवतो.

त्याची वेल्डिंगची शेड बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला होती. वर पत्रे, पुढे झावळांचा मांडव. 'येथे सर्व प्रकारची वेल्डिंगची कामे केली जातील' अशी पाटी होती आणि त्यातला 'सर्व' हा शब्द त्याने स्वतः पत्रा घासायच्या ब्रशने खरवडून काढला होता. अंगात बनियन, कमरेला खाकी हाफ पँट, कानावर खडू. कागदावर त्याने कधी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. जे काय असेल ते खडूने जमिनीवर काढायचं, आणि तेही खऱ्या मापाचं. गेट करायचं असलं तर शेडसमोर अख्खं गेट आडवं रेखलेलं असायचं आणि गिऱ्हाइकाने त्यावर पाय दिला तर तातू म्हणायचा, "कडी काढून येवा."

कामाला नाही म्हणायची त्याची एकच पद्धत होती: "बघूया." होकार द्यायचा असला तर तो काहीच म्हणायचा नाही, पट्टी घेऊन मोजायला लागायचा. तारीख मात्र कोणालाच द्यायचा नाही. एकदा मी तिथे बसलेलो असताना हॉटेलवाला एक माणूस लांबलचक गाडी घेऊन आला. पाण्यावरच्या दोन स्कूटर ठेवायला त्याला ट्रेलर हवा होता. तातू त्या वेळी कोणा म्हातारीच्या आडाळ्याचा, म्हणजे विळीचा, मोडलेला पाय जोडत होता. हॉटेलवाला तासभर उभा राहून शेवटी वैतागला. तातूने तोंडावरची काच वर केली. "तिका आज माशे कापूचे आसत," तो म्हणाला. "तुमका फिरूचा आसा, ता काय उद्या फिरशात." आणि काच खाली.

मला तो प्रकार फार आवडला होता. माझ्यावर तशी पाळी आली नव्हती तोवर.

"हूक करून द्या," मी मोबाइलवर ट्रॉलीचा फोटो दाखवत म्हटलं.

त्याने फोटो बघितला. मग शेडसमोर उभी असलेली माझी पिकअप बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"ओढतली काय ही?"

"साधारण ओढेल असं वाटतं."

"साधारण म्हणजे केवढा?"

हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ऐकला की पुढे शालनने किती भात घेऊ विचारलं तरी 'साधारण' म्हणायची मला धास्ती वाटायला लागली.

"बरा, ओढतली म्हणा," तातू म्हणाला. "थांबतली काय?"

"ब्रेक आहेत की गाडीला."

"गाडीचे गाडीक आसत. मागच्याक कोण थांबयतलो?"

मी वाद घातला. मोमेंटम, घर्षण असे शब्द वापरले. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग भंगार भरलेली हातगाडी शेडमधून ओढून रस्त्याच्या उताराला आणून उभी केली आणि तिचा दांडा माझ्या हातात दिला. "सावकाश खाली जावा. त्या माडाकडे थांबा."

पहिली दहा पावलं मी चाललो. पुढची दहा पळालो. नंतरची माझी नव्हती, हातगाडीची होती. माड आला आणि गेला. मी आणि हातगाडी शेजारच्या परसात अळवाच्या वाफ्यात जाऊन थांबलो. तातू सावकाश चालत खाली आला, वाफ्याच्या कडेला उभा राहिला.

"धावलात बरे," तो म्हणाला. "थांबलात कित्याक नाय?"

त्या दिवसापासून मोठ्या ट्रॉलीचा विषय मी सोडला. नाहीतरी ती कातळावर जाणाऱ्या आमच्या अरुंद पाणंदीत शिरणारी नव्हतीच. ट्रॅक्टर दोन्हीकडच्या दगडी गडग्यांमध्ये अडकतो म्हणून तर मी पिकअप वापरायची ठरवली होती, आणि ट्रॉली घेतली ट्रॅक्टरच्याच रुंदीची. हेही तातूने दाखवून दिलं. त्या ट्रॉलीच्या रुंदीची बांबूची एक कामठी कापून तो पाणंदीतून ती आडवी धरून चालला, घासली तिथे तिथे गडग्यावर खडूची खूण केली, आणि परतताना एवढंच म्हणाला, "तुमची ट्रॉली हय पावली असती. मगे हयच गावली असती." ती ट्रॉली पुढे एका ट्रॅक्टरवाल्याने नेली. मधल्या काळात शेजारच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत. तेवढाच तिचा आमच्या घराला उपयोग.

आता नवी, बारकी ट्रॉली तातूच करणार होता. म्हणजे मी सांगितलं आणि तो पट्टी घेऊन उठला, यावरून मी तसं समजलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर काम सुरू नाही. म्हणाला, "माती हाडा."

"कसली?"

"जी भरूची आसा ती. एक घमेला."

मी आमच्या मळ्यातली माती घमेलंभर नेली. त्याने ती तोलली, आकडा जमिनीवर खडूने लिहिला. मग तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं, ओतत राहिला, आणि पुन्हा तोलली. दुसरा आकडा लिहिला. दोन आकड्यांत एवढा फरक होता की मी उगाच काट्याकडे संशयाने पाहिलं.

"तुमी सुकी माती भरशात," तो म्हणाला. "वाटेत पाऊस इलो तर ट्रॉलीक तुमी सांगशात काय, तू सुकीच ओढ म्हणान?"

मग त्याने खडूने जमिनीवर ट्रॉली काढली. मी बघतच राहिलो. आमच्या जेवायच्या टेबलापेक्षा थोडी मोठी.

"मेस्त्री, ह्यात किती माती मावणार?"

"बारा घनफूट. वलीचा वजन धरून. वयर फळी लावून वाढवूची नाय."

"म्हणजे पन्नास फेऱ्या!"

"गणित येता तुमका," तो म्हणाला. पहिल्यांदाच.

मी विनवलं, चिडलो, उद्या दुसऱ्याकडे जातो अशी धमकीही दिली. तो 'बघूया' म्हणाला नाही, यावरून काम तोच करणार हे मला कळलं, आणि जमिनीवरची ती रेघ बोटभरही सरकणार नाही हेही. रिकामी अडीचशे, माती पाचशे; एकूण साडेसातशेच्या वर एक किलो नाही. चाकं पिकअपच्याच मापाची, म्हणजे स्टेपनी दोघांना एकच. उलटायला मी मोबाइलवर बघून ठेवलेला बटणाचा पंप त्याने उडवून लावला आणि एका जुन्या ट्रकचा बाटली जॅक धुऊन पुसून बसवला. "बटन बिघडला तर तुमी माझ्याकडे येतलात," तो म्हणाला. "माका नको."

मे संपत आला. मी रोज शेडवर जायचो आणि रोज तिथे काहीतरी दुसरंच चाललेलं असायचं. होडीचा नांगर. देवळाचा दिवा. कोणाची तरी सायकल. घरी शालन संध्याकाळी कलमांना पाणी घालायची, एकेक पिशवी उचलून खालून मुळं बाहेर आलीत का बघायची आणि परत ठेवायची. एका संध्याकाळी मीच म्हटलं, "होईल दोन दिवसांत." ती म्हणाली, "साधारण?" तातूची ख्याती आमच्या परसापर्यंत पोचली होती.

ट्रॉली उभी राहिली तेव्हा मी पेढे नेले. तातूने पेढा खाल्ला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "आता काट्यार घेवक व्हयी."

"पुन्हा वजन? माती तोलली, लोखंड तोललं..."

"दांडी तोलूक नाय."

ट्रॉली भरून आम्ही ती बंदरावर नेली. तिथे लिलावाच्या शेडमध्ये मासे तोलायचा टांगता काटा असतो. तो होता रुक्मिणीबाईंचा. सकाळचा लिलाव आटोपून त्या टोपल्या धूत होत्या.

"रुक्मिणीबाय, काटो दी," तातू म्हणाला.

"लोखंड टांगूक? रे तातू, माझो काटो मोडलस तर त्येच्या जाग्यार तुकाच टांगतलंय."

"टांग. माझा वजन तुका पाठच आसा."

"पाठ कसला, तू सुकत चललस मेल्या," त्या म्हणाल्या आणि काटा दिला.

ट्रॉलीची दांडी, म्हणजे जी पिकअपच्या हुकाला जोडायची ती, काट्याच्या आकड्याला टांगली. काटा वीस किलो दाखवत होता. मला तर आनंदच झाला. साडेसातशे किलोची ट्रॉली आणि तोंडाशी वीस किलो! मी एका हाताने दांडी उचलून दाखवली. "बघा, फुलासारखी!"

रुक्मिणीबाई आणि तातू दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मग रुक्मिणीबाई टोपल्यांकडे वळल्या, मला तातूवर सोपवून.

"उलाळ आसा," तो म्हणाला.

हा शब्द मी लहानपणी ऐकलेला होता. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते. पुढचं तोंड वर उचललं जातं. पण मोटारीच्या युगात त्याचं काय काम, असं काहीसं मी बोललो असेन. तातू ट्रॉलीच्या चाकावर बसला. एवढं सलग बोलताना मी त्याला त्याआधी किंवा नंतर ऐकलं नाही.

"माझ्या काकाची गाडी आसली. नारळ भरलेले, सगळे मागे. पुढे बसूक जागा व्हयी म्हणान. चढणीर गाडी उलाळ झाली आणि जू वर गेला. बैलाच्या गळ्यातलो पट्टो जुवाक बांधलेलो. तेका फास बसलो. मी मागे चलत होतंय, धा वर्सांचो. काका सोडवीसर बैलाचे डोळे..." तो थांबला. "बैल वाचलो. पण परत जुवाखाली मान घालूक नाय त्येना, कधीच. उलाळ गाडी पुढच्याक फास लायता, मास्तर. तुमची पिकअप काय, मागसून उचलतली, शेपूट हलवक लागतली. तुमका वाटतला गाडी हलकी झाली. आणि ती तुमका गडग्यार नेतली."

मी दांडीवरचा हात काढला.

"मग किती हवं?"

"धातला एक. पंच्याहत्तर."

म्हणजे चाकांचा आस कापून चार बोटं मागे न्यायचा. म्हणजे आणखी चार दिवस. मी त्या दिवशी घरी जाऊन शालनला ही गोष्ट सांगितली ती वैतागानेच सांगितली. ती ऐकत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "चार दिवस जावंदेत." एवढी वर्षं मी उशीर केला की जी बाई बोलायची नाही, ती तातूच्या उशिराला हो म्हणाली. हे मला लागलं. अजून लागतं.

चार दिवसांनी काटा पंच्याहत्तरवर थांबला. तातूने मग खडूने ट्रॉलीच्या आतल्या बाजूला एक रेघ मारली, माती इथपर्यंत, आणि ती पुसली जाईल म्हणून तिच्यावरून वेल्डिंग फिरवलं. आजही ती रेघ तिथे आहे. कागदपत्रांचं मी रीतसर केलं. ती वेगळी रडकथा, तिच्यात तातू मेस्त्री नाही म्हणून ती इथे नको.

फेऱ्या सुरू झाल्या. दिवसाला सहा, कधी सात. मळ्यात माती भरायची, पाणंदीतून कातळावर न्यायची, कातळ मोकळा असल्यामुळे वळसा घालून खड्ड्याशी लावायची, जॅक मारायचा, माती खाली. पिकअपच्या हौद्यात पाण्याचं पिंप आणि त्या दिवशी लावायची कलमं. खड्डा भरला की शालन कलम लावायची. सहा दिवस मी अगदी सराईतासारखा वावरलो. खरं सांगायचं तर थोडा मिरवलोही.

राहिले आठ खड्डे. ते होते कोपऱ्यात, दोन गडग्यांच्या मध्ये, जिथे गाडी वळवायला जागा नव्हती. तिथे ट्रॉली मागेच घ्यायला हवी होती. त्या दिवशी दुपारपासून समुद्राकडून ढग चढत होते, वारा पडला होता, आणि मळ्यात पाणी भरलं की चार महिने तिथून माती निघत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तातू त्या दुपारी आपण होऊन आला. बोल्ट सैल झालेत का बघायला, म्हणाला. बोल्ट बघितले आणि गडग्यावर बसला.

मी रिव्हर्स टाकला. शालन मागे उभी राहून हाताने दाखवत होती. ती उजवा हात हलवी, मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवी, ट्रॉली डावीकडे जाई. डावा हलवी, मी डावीकडे, ट्रॉली उजवीकडे. तिसऱ्या खेपेला ट्रॉली मिटलेल्या चाकूसारखी दुमडली. चौथ्या खेपेला चाकाखाली काहीतरी कचकन झालं. उतरून बघितलं. हौद्यातून काढून कडेला ठेवलेल्या आठ कलमांतलं एक.

शालनने ती चेपलेली पिशवी उचलली, बाजूला ठेवली. मी पुन्हा गाडीत बसलो आणि पाचव्या खेपेला गडग्याचे दोन चिरे पाडले.

"मास्तर," तातू गडग्यावरूनच म्हणाला, "उतरा."

मी उतरलो.

"वैनी, तुमी बसा."

शालनकडे लायसन होतं, पण गाडी माझी, म्हणून तिच्यावर ती चालवायची वेळ मी कधी येऊ दिली नव्हती. तिने चपला काढून दारात ठेवल्या, सीट पुढे ओढली, आणि ट्रॉली अशी मागे घेतली जशी पेटी फळीवर सारावी. एकदाच. खड्ड्याच्या कडेला येऊन थांबली.

"तुका ह्या कसा येता?" मी विचारलं.

"बाबांच्या होडीचा सुकाणू मीच धरी," ती खिडकीतून म्हणाली. "दांडो उजवीकडे ढकललो काय होडी डावीकडे जाता. ह्या तसाच. मी तुमका मगाधरून तांच दाखवतंय." आणि तिने जॅकचा दांडा मारायला खाली उडी घेतली. माती धाडकन खड्ड्याशी ओतली.

ती पुढच्या फेरीला निघाली. गाडी पाणंदीत शिरताना तातू गडग्यावरून उतरला, पँट झटकली, आकाशाकडे बघितलं. आता पाऊस यायच्या आत घरी पोचायला हवं म्हणाला. मी त्याला शेवटचं बघितलं ते असं, एका हातात चेपलेल्या कलमाची पिशवी. जगलं तर बघतो म्हणून तो ती घेऊन चालला होता. नंतर पाऊस, मग त्याचे डोळे बिघडले, मग लेक त्याला बांद्याला घेऊन गेली.

पण जायच्या आधी मी त्याला विचारलं होतं, "मेस्त्री, आता गाडी ही चालवणार, तर मी काय करू?"

त्याने राहिलेल्या सात खड्ड्यांवरून नजर फिरवली आणि मग माझ्यावरून.

"तुमी खड्ड्याकडे उभे ऱ्हवा," तो म्हणाला. "माती कमी पडली तर कामाक येशात."